रस्त्यालाही ‘सर्ज प्राइसिंग’ लावा म्हणणारे प्राध्यापक: विल्यम व्हिकरी यांची गोष्ट

पावसाळ्यातली संध्याकाळ. ऑफिस सुटलंय. तुम्ही कॅबचं अ‍ॅप उघडता, तर रोजच्या १५० रुपयांच्या प्रवासाला आज २८० रुपये दिसतात. तुम्ही चरफडता, कोपऱ्यावर एक कटिंग घेता आणि २० मिनिटांनी पुन्हा बघता. भाडं बऱ्यापैकी उतरलेलं असतं. मग तुम्ही कॅब बुक करता.

या २० मिनिटांत काय झालं? ऐन गर्दीत गाडी मागणाऱ्यांमधून एक जण, म्हणजे तुम्ही, स्वतःहून बाजूला झालात. कोणी सक्ती केली नाही. वाढलेला आकडा बघून तुम्हीच ठरवलं, की आत्ताच निघायची एवढी घाई नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांनाही असाच वेळेप्रमाणे बदलणारा दर लावावा, असं एक प्राध्यापक १९५० च्या दशकापासून सांगत होते. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, जीपीएस नव्हतं आणि एकेक कॉम्प्युटर खोलीएवढा होता. त्यांचं नाव विल्यम व्हिकरी. आज अमेरिकेत अनेक हायवेंवर कारपूल लेनचा टोल दर काही मिनिटांनी बदलतो, त्यामागच्या विचाराचा उगम शोधत गेलं की आपण या माणसापाशी पोचतो.

चला तर मग, त्यांची गोष्ट बघूया. आणि उद्या सकाळी ८ वाजता एखाद्या लेनमध्ये किती गाड्या असतील, एवढा साधा वाटणारा अंदाज बांधताना घोडं नेमकं कुठे पेंड खातं, तेही समजून घेऊया.

गणिताचा विद्यार्थी, कराचा अभ्यासक

व्हिकरी यांचा जन्म २१ जून १९१४ रोजी कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात झाला. ते तान्हे असतानाच कुटुंब न्यूयॉर्क परिसरात आलं आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य तिथेच गेलं. १९३५ मध्ये येल विद्यापीठातून त्यांनी गणितात पदवी घेतली. मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्राकडे वळले आणि १९३७ मध्ये एम.ए. झाले.

काही वर्षं त्यांनी वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरी केली. त्यात अमेरिकेच्या अर्थखात्यातलं करसंशोधनाचं कामही होतं. ते क्वेकर पंथाचे होते. या पंथाचे लोक युद्धाला विरोध करतात. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बंदूक हाती घ्यायला नकार दिला आणि त्याऐवजी नागरी सेवा केली. त्या काळातलं त्यांचं एक काम होतं प्वेर्तो रिकोसाठी वारसा कर तयार करण्याचं.

१९४६ पासून ते कोलंबियात शिकवू लागले आणि १९४७ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. प्रबंधाचा विषय होता चढता कर, म्हणजे जास्त कमावणाऱ्याने जास्त प्रमाणात कर कसा भरावा. हा मुद्दा लक्षात ठेवा. टोलवरून त्यांच्या विचारावर पुढे जी टीका झाली, तिथे तो पुन्हा येणार आहे.

पहिला प्रयोग: सबवेचं तिकीट

१९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी नेमलेल्या एका समितीसाठी व्हिकरी यांनी सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या भाड्याचा अभ्यास केला. तेव्हा सबवेचं तिकीट सरसकट १० सेंट होतं. एक स्टेशन जा नाहीतर शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, सकाळी ८:३० ला जा नाहीतर दुपारी २ ला, पैसे तेवढेच.

व्हिकरी यांना यात एक विसंगती दिसली. दुपारी डबे रिकामे धावतात, तेव्हा एक प्रवासी वाढला तर रेल्वेचा खर्च जवळजवळ वाढतच नाही. सकाळच्या गर्दीत मात्र त्याच एका प्रवाशासाठी जास्त गाड्या, जास्त डबे, जास्त कर्मचारी लागतात. आणि हे सगळं दिवसाचे उरलेले तास रिकामं पडून राहतं. खर्च वेळेप्रमाणे बदलतो, तर भाडं का बदलू नये?

त्यांनी सुचवलं, की गर्दीच्या वेळी आणि गर्दीच्या टप्प्यात भाडं जास्त असावं, बाकी वेळी कमी. पण मोजायचं कसं? त्यावरही त्यांनी डोकं लढवलं होतं. आत जाताना गेटमध्ये मोठं नाणं टाकायचं आणि धातूचा एक बिल्ला घ्यायचा. बाहेर पडताना तो बिल्ला गेटमध्ये टाकला, की प्रवासाच्या हिशोबाने उरलेले सुटे पैसे परत. आज मेट्रोमध्ये आपण कार्ड आत जाताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा टॅप करतो ना, तेच लोखंडी यंत्रात बसवायचा हा प्रयत्न होता.

१९५२ मध्ये अहवाल छापून आला आणि बाजूला पडला. गर्दीच्या वेळी भाडं वाढवणं कुठल्याच पुढाऱ्याला परवडणारं नव्हतं. १९५३ मध्ये शहराने भाडं वाढवलं, पण जुन्याच पद्धतीने. सगळ्यांना, सगळ्या वेळी, सरसकट १५ सेंट.

गाडीला ओळख, चौकाला डोळे

१९५९ मध्ये वॉशिंग्टन परिसराच्या वाहतुकीवर अमेरिकन संसदेच्या एका समितीचं काम चालू होतं. तिच्यासमोर व्हिकरी यांनी जे मांडलं, ते तेव्हा अनेकांना विज्ञानकथेसारखं वाटलं असणार. प्रत्येक गाडीत एक इलेक्ट्रॉनिक ओळखयंत्र बसवायचं. ठरावीक चौकांत आणि रस्त्यांवर ते टिपणारी उपकरणं ठेवायची. गाडी कुठून, किती वाजता गेली ही नोंद मध्यवर्ती कॉम्प्युटरकडे जाईल आणि महिन्याच्या शेवटी गाडीमालकाच्या घरी बिल येईल. गर्दीच्या वेळी, गर्दीच्या रस्त्यावरून गेलात तर बिल जास्त.

टोलनाका नाही, थांबणं नाही, सुटे पैसे नाहीत. आपल्याकडे काचेवर फास्टॅगचा स्टिकर आला त्याच्या कितीतरी आधीची ही कल्पना.

हे फार महाग पडेल, असं लोक म्हणू लागले. तेव्हा व्हिकरी यांनी १९६० च्या दशकात जेमतेम काही डॉलरचे सुटे भाग आणून एक रेडिओ ट्रान्समीटर जोडला आणि तो स्वतःच्या गाडीत बसवला. आपली गाडी घरातून किती वाजता निघाली आणि किती वाजता परतली, याची नोंद ते मित्रांना दाखवायचे. तंत्रज्ञान स्वस्तात जमतं, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. गंमत म्हणजे, हे प्राध्यापक स्वतः कोलंबियाला जायला बऱ्याचदा ट्रेन पकडायचे आणि स्टेशनपासून विद्यापीठापर्यंत पायाला रोलर स्केट्स लावून जायचे, असं त्यांचे सहकारी सांगत.

याच काळात, १९६१ मध्ये, त्यांनी लिलावावर एक लेख लिहिला. बंद पाकिटात बोली लावायची, सगळ्यात मोठी बोली लावणारा जिंकणार, पण पैसे मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढेच भरणार. असं केलं, की वस्तू आपल्याला खरोखर जेवढ्याची वाटते तेवढीच बोली लावणं प्रत्येकाच्या फायद्याचं ठरतं. पुढे गूगलने सर्चमधल्या जाहिरातींच्या जागा विकायला याच जातकुळीची पद्धत वापरली. स्वतः व्हिकरी मात्र या लेखाकडे मुख्य कामातली एक आडवाट म्हणूनच बघायचे. त्यांचा जीव रस्ते, भाडी आणि कर यांत होता.

पुलावरचं गणित

आता येऊया मुख्य मुद्द्यावर. १९६९ मध्ये व्हिकरी यांनी वाहतूक कोंडीचं एक मॉडेल मांडलं. त्याला बॉटलनेक मॉडेल म्हणतात. वाहतुकीचा अंदाज बांधणारे अभ्यासक आजही त्यावर काम करतात. एका काल्पनिक उदाहरणातून समजून घेऊ.

समजा, शहरात शिरायला एकच पूल आहे. त्यावरून तासाला ३,६०० गाड्या जाऊ शकतात. रोज सकाळी ७,२०० जणांना ९ वाजेपर्यंत पूल ओलांडायचा आहे. हिशोब सरळ आहे: सगळ्यांना पलीकडे जायला २ तास लागणार. म्हणजे पहिली गाडी ७ वाजता पार झाली, तरच शेवटची ९ ला पार होईल.

आता ७ ला कोण जाणार आणि ९ ला कोण? प्रत्येक जण आपापल्या मनाशी तोलतो. लवकर निघालो तर रांग नाही, पण ऑफिसात जाऊन बसून राहा. उशिरा निघालो तर झोप पूर्ण, पण पुलावर रांग. समजा, गाडीत अडकून काढलेला १ तास लोकांना ऑफिसात रिकामं बसून काढलेल्या २ तासांएवढा नकोसा वाटतो. मग रांग आपोआप अशी तयार होते, की सगळ्यांचा त्रास सारखाच होईल. ७ ला जाणारा रांगेशिवाय जातो आणि २ तास आधी पोचतो. ९ च्या ठोक्याला पार होणारा ८ वाजता रांगेत लागतो आणि १ तास तिथेच काढतो. बाकीचे सगळे या दोघांच्या मध्ये.

रांगेतला सरासरी वेळ अर्धा तास धरला, तर ७,२०० गाड्यांचे मिळून रोज सकाळी ३,६०० तास धुरात गेले. ते कोणालाच मिळाले नाहीत.

व्हिकरी यांनी काय सांगितलं? पुलावर टोल लावा, पण वेळेप्रमाणे बदलणारा. ७ वाजता शून्य, मग हळूहळू वाढत ९ वाजता सगळ्यात जास्त, साधारण १ तासाच्या त्रासाएवढा. मग ९ ला पार होणारा माणूस ८ ला रांगेत लागत नाही. तो ९ लाच पुलापाशी येतो, टोल भरतो आणि निघतो. प्रत्येक जण पूर्वीच्याच वेळी पलीकडे पोचतो. गाड्या तेवढ्याच, पूल तोच, फक्त रांग गेली. प्रत्येकाचा खर्च पूर्वीएवढाच राहिला, पण आधी तो वेळेच्या रूपात वाया जात होता. आता तो पैशाच्या रूपात शिल्लक आहे आणि त्यातून बस घेता येतात, दुसरे कर कमी करता येतात.

वरच्या मॉडेलमधून अंदाज बांधणाऱ्यांसाठी एक मोठा धडा निघतो. वाहतुकीचा पारंपरिक अंदाज चार पायऱ्यांनी बांधतात: किती लोक बाहेर पडतील, कुठे जातील, कशाने जातील आणि कुठल्या रस्त्याने. कधी निघतील, हे बऱ्याचदा जुन्या मोजणीवरून ठरावीक टक्केवारी धरून मोकळे होतात. व्हिकरी यांनी दाखवलं, की निघायची वेळ हाही माणसाचा निर्णय आहे आणि रस्ता बदलला, दर बदलला की तो निर्णयही बदलतो. आज रांगेत उभ्या गाड्या मोजून उद्याचा अंदाज बांधला, तर तो चुकण्याचीच शक्यता जास्त.

कारपूल लेन: रिकामी दिसली तरी पंचाईत, भरली तरी पंचाईत

१९७३ मध्ये तेलसंकट आलं आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. एकेका गाडीत एकेकटा माणूस, ही चैन वाटू लागली. वॉशिंग्टनजवळच्या शर्ली हायवेवर बससाठी राखून ठेवलेली लेन त्याच वर्षाच्या शेवटी ४ किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांनाही खुली झाली. अशा लेनलाच कारपूल लेन म्हणतात.

यामागचा हिशोब कागदावर सुंदर दिसतो. एका लेनमधून तासाला १,८०० गाड्या गेल्या आणि प्रत्येकीत एकच माणूस असला, तर १,८०० माणसं गेली. त्याच लेनमधून फक्त ८०० गाड्या गेल्या, पण प्रत्येकीत ३ जण असले, तर २,४०० माणसं गेली. गाड्या निम्म्याहून कमी आणि माणसं जास्त.

अडचण अशी, की शेजारच्या लेनमध्ये अडकलेल्या ड्रायव्हरला माणसं दिसत नाहीत. त्याला फक्त अर्धी रिकामी लेन दिसते आणि त्याचं डोकं फिरतं. मार्च १९७६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सांता मोनिका फ्रीवेवर हेच झालं. नवी लेन न बांधता, असलेल्या लेनमधलीच एक ३ किंवा जास्त माणसांच्या गाड्यांसाठी राखून ठेवली. पहिल्या दिवसापासून बाकीच्या लेनमध्ये प्रचंड कोंडी झाली. लोक संतापले, वर्तमानपत्रं तुटून पडली आणि प्रकरण कोर्टात गेलं. पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास झालेला नाही, या मुद्द्यावर कोर्टाने योजना थांबवली. ती जेमतेम २१ आठवडे चालली होती.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. लॉस एंजेलिसच्याच एल मोंटे बसवेवर कारपूलसाठी ३ जणांची अट होती आणि लेन छान पळत होती. जानेवारी २००० मध्ये अट २ जणांवर आणली. लगेच इतक्या गाड्या आत शिरल्या, की राखीव लेनचा वेग धाडकन खाली आला आणि बसमधले प्रवासीही अडकले. त्याच वर्षी जुलैमध्ये गर्दीच्या तासांसाठी ३ जणांची अट परत आणावी लागली.

बघा, अट ३ ठेवली तर लेन मोकळी, २ ठेवली तर तुंबलेली. अडीच माणसांची अट तर घालता येत नाही! शिवाय कारपूल कोण करेल याचा अंदाज बांधणंही किचकट. शेजाऱ्याला घ्यायला वाट वाकडी करून १० मिनिटं घालवायची आणि लेनमध्ये ८ मिनिटं वाचवायची, असा घाट्याचा सौदा कोणी करत नाही. नवरा-बायको किंवा आई आणि मुलं तशीही एकाच गाडीने जात असतील, तर लेनमुळे रस्त्यावरची एकही गाडी कमी झालेली नसते.

व्हिकरी यांनी मांडलेल्या किमतीच्या कल्पनेचा इथे उपयोग होतो. माणसांची संख्या पूर्ण आकड्यांतच बदलते, पण टोल पैशापैशाने कमी-जास्त करता येतो. कारपूलवाल्यांना फुकट जाऊ द्यायचं आणि उरलेल्या जागेत एकट्या ड्रायव्हरला टोल घेऊन येऊ द्यायचं. लेन भरायला लागली की टोल वाढवायचा, रिकामी पडली की उतरवायचा.

सिंगापूर आणि मग कॅलिफोर्निया

गर्दीच्या वेळेला किंमत लावण्याचा पहिला मोठा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये झाला नाही. जून १९७५ मध्ये सिंगापूरने शहराच्या मध्यभागी सकाळी ७:३० ते ९:३० या वेळेत शिरणाऱ्या गाड्यांना दिवसाला ३ सिंगापूर डॉलरचं लायसन्स लावलं. काचेवर कागद चिकटवायचा आणि पोलिसांनी तो डोळ्यांनी तपासायचा. ४ माणसं असलेल्या गाडीला माफी होती.

त्या वेळेतल्या गाड्या ४० टक्क्यांहून जास्त घटल्या. पण ७:३० च्या आधी गर्दी वाढली आणि ९:३० नंतर गाड्यांची नवीच लाट आली. शेवटी वेळ १०:१५ पर्यंत वाढवावी लागली. लोकांनी किंमत बघून निघायची वेळ बदलली, म्हणजे व्हिकरी यांच्या मॉडेलमधली माणसं जशी वागतात तसंच. कारपूलच्या माफीचंही असंच झालं. गाडीवाले बसस्टॉपवरून अनोळखी लोकांना उचलून ४ जण भरू लागले. ही माफी १९८९ मध्ये बंद झाली.

अमेरिकेत गाडं हललं ते थेट २७ डिसेंबर १९९५ ला. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत स्टेट रूट ९१ या हायवेच्या मधोमध सुमारे १६ किलोमीटरच्या एक्स्प्रेस लेन सुरू झाल्या. टोलनाका नाही, गाडीत ट्रान्सपाँडर बसवलेला आणि टोल वेळेप्रमाणे २५ सेंटपासून अडीच डॉलरपर्यंत. ३ जणांच्या कारपूलला प्रवास फुकट. व्हिकरी तेव्हा ८१ वर्षांचे होते. ३६ वर्षांपूर्वी वॉशिंग्टनच्या समितीपुढे मांडलेल्या कल्पनेचा मोठा भाग आता प्रत्यक्ष रस्त्यावर होता.

पुढची पायरी सॅन डिएगोत आली. तिथल्या आय-१५ हायवेवरच्या कारपूल लेन १९८८ पासून होत्या, पण त्यांत जागा रिकामी राहायची. डिसेंबर १९९६ मध्ये एकट्या ड्रायव्हरना महिन्याचा पास विकायला सुरुवात झाली. १९९८ मध्ये पासऐवजी प्रत्येक फेरीला टोल आला आणि तो दर ६ मिनिटांनी बदलू लागला, एरवी ५० सेंट ते ४ डॉलरच्या दरम्यान. रस्त्यातले सेन्सर गाड्या मोजतात, कॉम्प्युटर पुढच्या काही मिनिटांत लेन किती भरेल याचा अंदाज बांधतो आणि पाटीवरचा आकडा बदलतो. अंदाज थोडा चुकला, तर पुढच्या ६ मिनिटांत दुरुस्ती होते. २० वर्षांनंतरचं भाकीत आजच अचूक करायचं ओझं त्यामुळे बरंच हलकं होतं.

श्रीमंतांची लेन?

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. हे म्हणजे पैसेवाल्यांना वाट मोकळी करून द्यायची आणि बाकीच्यांनी कोंडीत सडायचं, असंच ना? अमेरिकेत टीकाकारांनी महागड्या गाडीच्या नावावरून या लेनला लेक्सस लेन असं टोपणनावच ठेवलं.

टीकेत तथ्य आहे. वरच्या उदाहरणात आपण सगळ्यांना वेळेची किंमत सारखीच वाटते असं धरलं होतं. प्रत्यक्षात ज्याच्या खिशात पैसे कमी आणि ऑफिसची वेळ पक्की, त्याला टोल जास्त टोचतो. पण व्हिकरी हे श्रीमंतांनी जास्त कर भरावा म्हणून प्रबंध लिहिणारे गृहस्थ होते, हे विसरू नका. त्यांच्या लेखी विषमता कमी करायचं काम करांनी करायचं. रस्ता फुकट ठेवल्याने ती कमी होत नाही, कारण फुकट रस्त्याची किंमत लोक तासांमध्ये भरतच असतात. खरा प्रश्न येतो जमलेले पैसे कुठे जातात इथे. आय-१५ वर त्यातले पैसे त्याच मार्गावरच्या एक्स्प्रेस बसला दिले गेले. पैसे असे परत आले नाहीत, तर टीकाकारांचं म्हणणं खरं ठरतं.

दुसरी चिंता खासगीपणाची. गाडी कुठून, किती वाजता गेली याची नोंद कोणाकडे तरी राहणार. फोनचं लोकेशन दिवसभर चालू ठेवणाऱ्या आपल्या पिढीला हे नवीन नाही, पण म्हणून ते छोटंही नाही.

तीन दिवसांचं नोबेल

८ ऑक्टोबर १९९६. अर्थशास्त्राचं नोबेल व्हिकरी आणि ब्रिटनचे जेम्स मिरलीस यांना जाहीर झालं. समोरच्याला जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नसतं, अशा परिस्थितीत माणसं कशी वागतात, या विषयावरच्या कामासाठी हा सन्मान होता. लिलावाचा तो आडवाटेचा लेखही त्यात मोडत होता. ८२ वर्षांचे प्राध्यापक एका दिवसात जगभर पोचले. आयुष्यभर कोणी मनावर न घेतलेल्या कल्पना, रस्त्यांच्या आणि बेरोजगारी हटवण्याच्या, आता तरी लोक ऐकतील अशी त्यांना आशा होती.

त्यानंतर तीनच दिवसांत, ११ ऑक्टोबरला ते गेले. एका परिषदेसाठी ते स्वतः गाडी चालवत मॅसॅच्युसेट्सकडे निघाले होते. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हचिन्सन रिव्हर पार्कवे नावाच्या रस्त्यावर ते स्टीअरिंगवर कोसळलेले सापडले. हृदयविकाराचा झटका आला होता. आयुष्यभर रस्त्यांचा विचार केलेला माणूस रस्त्यावरच गेला. डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला त्यांचं पदक त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने स्वीकारलं.

पुढे २००३ मध्ये लंडनने, २००७ मध्ये स्टॉकहोमने शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क कायम केलं. आणि ५ जानेवारी २०२५ पासून खुद्द न्यूयॉर्कने मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, ६० व्या रस्त्याच्या खाली शिरणाऱ्या कारना गर्दीच्या वेळी ९ डॉलर आणि रात्री त्याहून कमी असा दर लावला. सबवेचा अहवाल बाजूला टाकलेल्या शहराला वेळेप्रमाणे दर लावायला ७० हून जास्त वर्षं लागली.

आपल्याकडे काय? मुंबई लोकलचं तिकीट सकाळी ८:३० ला आणि दुपारी २ ला सारखंच आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा टोल गाडीच्या प्रकारावर ठरतो, घड्याळावर नाही. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणजे गाडी ओळखणारं तंत्र आता आपल्याही काचेवर चिकटलेलं आहे. व्हिकरी यांना जे यंत्र घरी जोडून दाखवावं लागलं, ते आपल्याला आयतं मिळालंय. उरलाय तो निर्णय: कोणत्या रस्त्यावर, किती वाजता, किती पैसे, आणि त्या पैशांतून बस येणार की नाही.

पुढच्या वेळी कॅबच्या अ‍ॅपवर वाढलेलं भाडं दिसलं आणि तुम्ही कटिंग मागवलात, तर मधल्या वेळात एवढा विचार करून बघा. रोजच्या कोंडीत तुमचे जे तास जातात, ते नेमके कोणाच्या खात्यात जमा होतात?